गृहपाठ मोबाइलवरून बरोबर, चाचणीत मात्र वीसपैकी सहा

प्रश्न: आमचं गाव जिंतूर तालुक्यात आहे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीला, मराठी माध्यमातून. मुलगी सातवीला. घरात मोठा मोबाइल एकच, तो यांच्याजवळ असतो. हे रानातून आले की संध्याकाळी सातला लेकरांच्या हाती येतो. मुलगा गणिताच्या गृहपाठाचा फोटो काढतो, ॲप उत्तर देतं, ते तो वहीत उतरवतो. वही सगळी बरोबर, सरांची सहीसुद्धा असते. पण घटक चाचणीत गणिताला वीसपैकी सहा पडले. शिकवणी लावायची तर जिंतूरला जावं लागतं, रोजचं जाणं-येणं परवडत नाही. मोबाइल बंद करावा का? का एखादं पैसे भरून मिळणारं ॲप घ्यावं? माझं शिक्षण आठवीपर्यंत. त्याला काय विचारावं तेही मला कळत नाही. मुलीनंही हाच नाद लावून घेऊ नये असं वाटतं.
— एक आई, जि. परभणी

उत्तर:

ताई, मोबाइल बंद करू नका. शिकवणी लांब असलेल्या गावात एखादी रीत रात्री आठ वाजता पुन्हा समजावून सांगायला लेकराजवळ दुसरं कोणी नसतं. बंद करायचं ते एकच, पेन्सिल हातात घेण्याआधी कॅमेरा उघडणं. गणित पक्कं होतं ते अडल्यावर. अडलं की लेकरू मागचं आठवतं, एक-दोन वाटा चुकतं, आणि त्यानंतर सापडलेली ओळ लक्षात राहते. तुमच्या मुलाला अडायला वेळच मिळत नाही. ॲपनं दाखवलेली प्रत्येक ओळ वाचताना पटते, म्हणून आपल्याला हे येतं असं त्याला मनापासून वाटतं. तो तुम्हाला फसवत नाही, त्याची स्वतःची समजूत चुकली आहे. त्यामुळे रागावू नका.

खात्री करायची असेल तर आज एवढं करा. त्याच्या वहीतलं चार-पाच दिवसांपूर्वीचं, बरोबर अशी खूण असलेलं एक उदाहरण निवडा. वही मिटा आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला सांगा. मोबाइल नाही, पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरणही नाही. पेन जिथं थांबेल तिथं त्यालाच खूण करू द्या. ही परीक्षा नाही आणि गुणही द्यायचे नाहीत. दोन-तीन उदाहरणांत बहुतेक एकाच जातीची जागा पुन्हा पुन्हा अडते. वजा चिन्ह पलीकडे नेताना घोटाळा होतो, किंवा शाब्दिक उदाहरणाचं समीकरण मांडता येत नाही, किंवा अवयव पडत नाहीत. ती जागा कळली की अर्धं काम झालं.

अवयवच पडत नसतील तर दहावीचं पुस्तक कितीही वाचून उपयोग नाही. विस्तार सूत्रं आणि बैजिक राशींचे अवयव हे आठवीचे धडे आहेत. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीचं गणिताचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं. एकदा उतरवून घेतलं की पुढे नेट लागत नाही. एक्स वर्ग − ७एक्स + १२ याचे अवयव पाडताना लेकरू अडखळत असेल, तर आधी आठवडाभर रोज पाच असे अवयव पाडू द्या आणि मगच वर्गसमीकरणांकडे जा. हे मागं जाणं मुलांना कमीपणाचं वाटतं. त्याला सांगा, दहावीच्या अर्ध्या चुका आठवी-नववीच्याच असतात.

आता संध्याकाळचा क्रम. मोबाइल सातला येतो ही तुमची अडचण इथं उपयोगी पडते. साडेपाच ते सात हा वेळ पेन्सिलीचा. प्रत्येक उदाहरणाला निदान दहा मिनिटं द्यायची, आणि तेवढ्यात तीन गोष्टी कागदावर यायलाच हव्यात: काय दिलं आहे, काय काढायचं आहे, कोणती रीत किंवा सूत्र लागेल. तरी सुटलं नाही तर सरावसंचाच्या आधी पुस्तकात सोडवून दाखवलेली उदाहरणं बघायची. ती बहुतेक मुलं वाचतच नाहीत, थेट सरावसंचावर जातात. तिथंही वाट सापडली नाही, तर वहीच्या शेवटच्या पानावर नेमकं काय अडलं ते एका ओळीत लिहायचं आणि पुढच्या उदाहरणाला लागायचं. ‘सरावसंच १.३ जमत नाही’ असं लिहून भागणार नाही. ‘निश्चयक आला, पण डीएक्स काढताना कोणता स्तंभ बदलायचा ते कळेना’ असं लिहायचं. एवढं नेमकं लिहिता आलं तर कित्येकदा उत्तर लिहिता लिहिताच सुचतं.

आणि नुसतं शेवटचं उत्तर हवं असेल तर त्यासाठी मोबाइल लागतच नाही. पाठ्यपुस्तकाच्या मागे उत्तरसूची आहे. मोबाइलचं काम उत्तर सांगणं नव्हे, अडलेली ओळ ओलांडून देणं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उदाहरणावर पाहू. समजा प्रश्न असा आहे: ३ वह्या आणि २ पेन यांची किंमत १२० रुपये, २ वह्या आणि ५ पेन यांची किंमत १३५ रुपये, तर एका वहीची आणि एका पेनाची किंमत काढा. वही एक्स, पेन वाय. समीकरणं झाली ३एक्स + २वाय = १२० आणि २एक्स + ५वाय = १३५. क्रेमरच्या पद्धतीनं सोडवायचं असेल तर सहगुणकांचे तिरके गुणाकार करून त्यांची वजाबाकी घ्यायची, तिलाच निश्चयक (डी) म्हणतात: डी = ३ × ५ − २ × २ = ११. डीएक्स काढताना एक्सचे सहगुणक, म्हणजे ३ आणि २, काढून त्यांच्या जागी १२० आणि १३५ ठेवायचे: १२० × ५ − २ × १३५ = ३३०. डीवाय = ३ × १३५ − १२० × २ = १६५. म्हणून एक्स = ३३० ÷ ११ = ३० आणि वाय = १६५ ÷ ११ = १५.

इथं मुलं कुठं घसरतात ते बघा. हेच पहिलं समीकरण पुस्तकात ३एक्स = १२० − २वाय असं दिलेलं असलं, की घाईत वायचा सहगुणक −२ धरला जातो. तो डावीकडे आणल्यावर +२ होतो, हे राहून जातं. मग डी येतो १९, डीएक्स येतो ८७०, आणि वहीची किंमत निघते ४५ रुपये ७९ पैशांच्या आसपास. असा विचित्र आकडा आला की थांबायचं. पाठ्यपुस्तकातल्या किमती सहसा सरळ येतात, म्हणून वाकडा आकडा दिसला की आधी चिन्हं तपासायची.

या ठिकाणी ॲपचा खरा उपयोग आहे. फोटोमॅथ किंवा गूगल लेन्ससारख्या ॲपला समीकरणांची जोडी दाखवली की ते पायऱ्या दाखवतं. मुलानं आपली सोडवलेली वही शेजारी ठेवायची, पडद्यावरचा खालचा भाग दुसऱ्या वहीनं झाकायचा, आणि एकेक ओळ खाली सरकवत स्वतःच्या ओळीशी जुळवायची. जिथं पहिल्यांदा फरक दिसेल तिथं मोबाइल उलटा ठेवायचा. त्या ओळीपासून पुढचं सगळं स्वतः दुरुस्त करायचं. पहिला फरक शोधण्यापुरतंच ॲप वापरलं तर त्यानं नुकसान होत नाही.

दुसरी अडचण रीतीची. अशी ॲप बऱ्याचदा एक चल घालवून किंवा किंमत घालून समीकरणं सोडवतात. त्यांचंही उत्तर ३० आणि १५ हेच येईल, पण प्रश्नात ‘क्रेमरच्या पद्धतीने सोडवा’ असं असेल तर निश्चयक न लिहिता पायऱ्यांचे गुण मिळत नाहीत. वर्गसमीकरणांतही हेच होतं. प्रश्न म्हणतो ‘पूर्ण वर्ग पद्धतीने’, ॲप वापरतं सूत्र. म्हणून ॲपमध्ये रीत निवडायची सोय असेल तर आधी ती निवडायची, नसेल तर ॲपच्या पायऱ्या बाजूला ठेवून फक्त उत्तर पडताळायचं.

पडताळा हा शब्द त्याच्या तोंडी बसवा. आलेलं उत्तर मूळ प्रश्नात घालून बघायचं: ३ वह्यांचे ९० आणि २ पेनांचे ३०, झाले १२०. २ वह्यांचे ६० आणि ५ पेनांचे ७५, झाले १३५. जमलं. ताई, हे तपासायला बीजगणित लागत नाही, बाजारातला हिशेब पुरतो, आणि तो तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगला येतो. मात्र पडताळा दोन्ही अटींवर करायचा. एकच समीकरण जमणारी चुकीची उत्तरं पुष्कळ असतात.

जिथं असं परत घालता येत नाही तिथं दुसऱ्या खुणा आहेत. संभाव्यता शून्यापेक्षा कमी किंवा १ पेक्षा जास्त आली तर चूक. वर्गवारीतला सर्वांत लहान आकडा १० आणि मोठा ६० असेल, आणि मध्य ७२ आला, तर चूक. काटकोन त्रिकोणात कर्ण ही सर्वांत मोठी बाजू, तो दुसऱ्या बाजूपेक्षा लहान आला तर चूक. वय किंवा लांबी वजा आली तर ती किंमत सोडून द्यायची. अंकगणिती श्रेढीत ५, १२, १९ अशी पदं असतील तर विसावं पद ५ + १९ × ७ = १३८. पुष्कळ मुलं १९ ऐवजी २० नं गुणतात आणि १४५ लिहितात. आपण मांडलेल्या सूत्रात आधी १ घालून पहिलं पद काढून बघायचं. ५ आलं तर सूत्र बरोबर, १२ आलं तर एक घर जास्त मोजलं गेलं.

आता अशा चुका, ज्यात मुलाचं गणित बरोबर असतं पण मोबाइलवर वेगळंच दिसतं, आणि मूल गोंधळून आपलं बरोबर असलेलंही खोडतं. या खूप वेळा घडतात, म्हणून सविस्तर सांगते आहे.

पहिली पायची. त्रिज्या ७ सेंमी असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, २२/७ धरलं तर १५४ चौसेंमी. ३.१४ धरलं तर १५३.८६. मोबाइलच्या पाय बटणानं १५३.९४ च्या जवळपास. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्नाशेजारी कंसात पायची जी किंमत दिलेली असते तीच घ्यायची, बटण वापरायचं नाही. तीनच्या वर्गमुळाचंही तसंच. प्रश्नात १.७३ दिलं असेल तर ३० मीटरला तेवढ्यानं गुणून ५१.९ येतं, कॅल्क्युलेटर ५१.९६ दाखवतो. पेपरात ५१.९ लिहायचं.

दुसरी कोनाची. गूगलच्या शोधपट्टीत किंवा डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या साधनावर साइन ३० टाकलं की कित्येकदा उत्तर −०.९८८ येतं. खरं उत्तर अर्धा. कारण तिथं कोन अंशांत धरलेला नसतो, रेडियन नावाच्या दुसऱ्या एककात धरलेला असतो, आणि ते दहावीत नाही. कॅल्क्युलेटरवर ‘डीईजी’ आणि ‘आरएडी’ या इंग्रजी अक्षरांची खूण असते, तिथं ‘डीईजी’ निवडायचं. जिओजिब्रा या भूमितीच्या ॲपमध्ये कोनापुढं अंशाचं छोटं गोल चिन्ह द्यायचं.

तिसरी वजाच्या वर्गाची, आणि हिनं सर्वांत जास्त गुण जातात. एक्स वर्ग − ७एक्स + १२ = ० यात बी, म्हणजे एक्सचा सहगुणक, −७. विवेचक (बी वर्ग − ४ × ए × सी, इथं ४ × १ × १२ = ४८) काढताना मोबाइलवर कंस न देता −७ चा वर्ग टाकला तर बरेच कॅल्क्युलेटर आधी ७ चा वर्ग करतात आणि मग वजा लावतात: −४९. मग −४९ − ४८ = −९७, आणि मुलगा लिहितो की मुळं वास्तव नाहीत. कंसात (−७) टाकलं की ४९ − ४८ = १, आणि मुळं ३ व ४. वजा संख्या असली की कंस, ही सवय लागू द्या. अपूर्णांकातही कंस हवाच. सात अधिक पाच, सगळ्याला चारनं भागायचं, हे (७ + ५)/४ असं टाकलं तर ३ येतं. कंस विसरला तर फक्त ५ ला भाग जातो आणि ८.२५ येतं.

फोटो काढतानाही घोळ होतो. गुणाकाराची फुली आणि एक्स हे अक्षर हातानं लिहिताना सारखंच दिसतं, ॲप एकाचं दुसरं करतं. मराठी आकड्यांत लिहिलेला १ त्याला इंग्रजी नऊसारखा वाटू शकतो. म्हणून ॲपनं वाचलेलं समीकरण वर दिसतं ते आधी पुस्तकाशी ताडायचं, मगच पायऱ्या बघायच्या. पुस्तकाच्या छापील ओळीचा फोटो हाताच्या अक्षरापेक्षा बरा. आणि मराठीतलं शाब्दिक उदाहरण अशा कॅमेरा-ॲपनं नीट सुटेल ही अपेक्षा ठेवू नका. समीकरण मांडण्याचं काम मुलाचंच. तसंही त्या प्रकारात खरं गणित तेवढंच असतं.

चॅटजीपीटी, जेमिनी अशा गप्पांच्या साधनांना मराठीतलं शाब्दिक उदाहरण वाचता येतं, म्हणून मुलं आता तिकडे वळली आहेत. यांना कसं विचारायचं यावर सगळं अवलंबून आहे. नुसता प्रश्न टाकला तर पूर्ण उत्तर मिळतं, आणि पुन्हा तुमच्या पत्रातलीच गत. त्याऐवजी असं लिहायचं: ‘मी दहावीत आहे, महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम. हे उदाहरण क्रेमरच्या पद्धतीनं सोडवत आहे. माझ्या ओळी खाली दिल्या आहेत. उत्तर सांगू नकोस. पहिली चूक कितव्या ओळीत आहे एवढंच सांग आणि ती मला सापडावी म्हणून एक प्रश्न विचार.’ आपल्या ओळी टाकल्याशिवाय विचारायचं नाही, हा घरातला नियम करा. मुलानं काही प्रयत्न केला आहे की नाही ते त्यावरूनच कळतं.

ही साधनं ठामपणे चुकतात, हे मात्र त्याला पक्कं सांगून ठेवा. लांबलचक आकडेमोडीत मधेच एखादा आकडा बदलतो आणि पुढचं सगळं शहाण्यासारखं मांडलेलं असतं. आपण ‘तुझं चुकलं’ म्हटलं की बरोबर असलेलं उत्तरही कधी कधी बदलून देतात. म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. उत्तर मूळ प्रश्नात घालायचं, जमलं तर घ्यायचं. भूमितीच्या आकृतीचा फोटो दिला तर कोणता बिंदू कुठं आहे हे वाचण्यातच गफलत होते, तिथं यांच्यावर विसंबू नये. अर्थनियोजनाच्या धड्यात आणखी एक खोच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, पण पुस्तकातल्या उदाहरणांत ते दर असतात. ५००० रुपयांच्या वस्तूवर १२ टक्के असं प्रश्नात लिहिलं असेल तर कर ६००, त्यात केंद्राचे ३०० आणि राज्याचे ३००, एकूण ५६०० हेच उत्तर. मोबाइलनं आजचा दर लावून दुसरं काही सांगितलं तर ते घ्यायचं नाही.

एका कामाला मात्र ही साधनं फार चांगली. उदाहरण सुटल्यावर ‘याच प्रकारची तीन उदाहरणं दे, आकडे वेगळे घे, उत्तरं देऊ नकोस’ असं मागायचं. सराव वाढतो, पैसे लागत नाहीत. आकडे कधी वाकडे येतात, तसं झालं तर दुसरं उदाहरण मागायचं.

व्हिडिओंचं थोडक्यात. यूट्यूबवर ‘दहावी गणित’ एवढंच शोधलं तर हिंदी आणि सीबीएसईचं ढीगभर येतं. ‘महाराष्ट्र बोर्ड दहावी गणित भाग १ सरावसंच १.३ मराठी’ असं पूर्ण लिहायचं. सध्याचं दहावीचं पुस्तक २०१८ चं आहे, त्यामुळे त्याआधीचा व्हिडिओ जुन्या पुस्तकावरचा असणार. हिंदी व्हिडिओ समजायला सोपा वाटला तरी संज्ञा वेगळ्या असतात: आपली अंकगणिती श्रेढी तिथं समांतर श्रेणी होते, आपला काटकोन तिथं समकोण होतो. समजून घ्यायला हिंदी चालेल, वहीत पुस्तकातलीच संज्ञा आली पाहिजे. समरूपतेच्या कसोट्याही कोको (कोन-कोन), बाकोबा (बाजू-कोन-बाजू), बाबाबा (तिन्ही बाजू) अशाच लिहायच्या.

व्हिडिओ बघण्याची रीत अशी: उदाहरण मांडून झालं की शिक्षक सोडवायला लागण्याआधी थांबवायचा, आपण सोडवायचं, मग पुढं न्यायचा. दहा मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास लागला तर तो नीट बघितला असं समजा. रोजचं नेट मर्यादित असेल तर दर्जा कमी करून ठेवा, फळ्यावरचं गणित कमी दर्जातही वाचता येतं. रेंज चांगली असेल तेव्हा यूट्यूब ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवलं तर रात्री लाइट-नेट गेलं तरी चालतं. केंद्र सरकारचं दीक्षा ॲप फुकट आहे. त्यात बोर्ड महाराष्ट्र, माध्यम मराठी, इयत्ता दहावी निवडायची आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा. पुस्तक जुनं असून कोड फाटला असेल तर ॲपमध्ये इयत्ता आणि विषय निवडून धडा शोधता येतो.

भूमितीत जिओजिब्रा वापरून बघाच. ‘एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात’ हे प्रमेय पाठ करणाऱ्या मुलाला ते पटलेलं नसतं. वर्तुळ काढायचं, त्यावर तीन बिंदू घ्यायचे, कोन मोजायला लावायचं आणि शिरोबिंदू बोटानं त्याच कंसावरून फिरवायचा. बिंदू सरकतो, कोनाचं माप जागचं हलत नाही. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की सिद्धता वाचावीशी वाटते. ॲप एकदा घेतलं की बिननेट चालतं. पण सिद्धता लिहिणं हातानंच शिकावं लागतं, पक्ष, साध्य, रचना, आणि प्रत्येक विधानापुढं कारण. पेपरात ‘कृती पूर्ण करा’ असे रिकाम्या चौकटींचे प्रश्न येतात, तिथं मधली पायरी आणि तिचं कारण विचारतात. आयत्या उत्तरावर वाढलेलं मूल नेमकं तिथंच अडतं.

आता तुम्ही काय विचारायचं. जेवण झाल्यावर दहा मिनिटं वही घेऊन त्याच्याजवळ बसा आणि तीनच गोष्टी विचारा. आज कोणती ओळ अडली? ती ओळ वरच्या ओळीवरून कशी आली, मला सांग. उत्तर परत प्रश्नात घालून दाखव. तुम्हाला समजलं नाही तरी चालेल. तो अडखळतो का, ‘असंच असतं’ म्हणतो का, एवढं तुम्हाला ऐकूनही कळेल. ‘असंच असतं’ आलं की त्या ओळीशेजारी खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी आदल्या दिवशी अडलेलं एकच उदाहरण कोऱ्या कागदावर, काही न बघता. मोबाइलची मदत घेतलेलं प्रत्येक उदाहरण असं एकदा कोऱ्या कागदावर उतरलं पाहिजे, त्याशिवाय ते झालं असं धरू नका.

शेवटच्या पानावरची जी ओळ मोबाइललाही सुटली नाही ती सरांकडे न्यायला सांगा. ‘सर, मला गणित येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत काय सांगावं हे शिक्षकालाही सुचत नाही. ‘सर, ही ओळ’ म्हणणाऱ्याला दोन मिनिटांत सांगता येतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवलेल्या वहीचे फोटो फिरत असतील तर त्याकडेही लक्ष ठेवा. ॲपपेक्षा तिथून जास्त उतरवलं जातं, आणि एकाची चूक वीस वह्यांत जाते.

मुलीला सध्या कॅमेरा-ॲप देऊ नका. सातवीत पूर्णांक, अपूर्णांक, पदावली यांत हात बसायचा असतो, आणि तो हातानंच बसतो. पडताळ्याला साधा कॅल्क्युलेटर पुरे. पण त्यातही एक बघा: ८ + ६ × २ हे दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाबलं की २८ येतं, मोबाइलच्या बहुतेक कॅल्क्युलेटरवर २०. साधा यंत्र-कॅल्क्युलेटर दाबत जाल तसं करत जातो. कंचेभागुबेव या क्रमानं आधी गुणाकार, म्हणून २० बरोबर. दोन्हीवर करून का फरक पडला ते तिलाच शोधू द्या, पदावलीचा धडा त्यात निम्मा होऊन जाईल.

पैसे भरून मिळणारं ॲप घेऊ नका. वर सांगितलेलं सगळं फुकट मिळतं. फोनवरून आग्रह करणाऱ्यांना लेकराची माहिती, ओटीपी किंवा हप्त्याची संमती देऊ नका. गप्पांच्या साधनांत मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो टाकायचे नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांना अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची परवानगी लागते, तेव्हा खातं तुमच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नजरेखाली असू द्या. खर्च करायचाच तर त्याची कंपासपेटी बघा. कंपासाचा खिळा ढिला असेल तर कंस काढताना त्रिज्या सरकते आणि भौमितिक रचनेत स्पर्शिका वर्तुळाला स्पर्श न करता छेदून जाते. घट्ट बसणारा कंपास, टोक काढलेली एचबी पेन्सिल आणि ज्याच्या कडा झिजलेल्या नाहीत असे दोन गुण्ये, एवढं या आठवड्याच्या बाजारातून आणून द्या.